दहा बोटांची हेंबादून

ग्बोको गावच्या कोर्टासमोर, आंब्याखाली, टंकलेखनाची सात यंत्रं दिवसभर खडखडत असत. त्यांतलं हेंबादूनचं कोणतं हे बॅरिस्टर आगेरना डोळे मिटूनही कळे. बाकीची सहा ठेचकाळत चालत, तिचं धावे. अठरा वर्षं तिनं लोकांची प्रतिज्ञापत्रं टंकली. कुणाची जमीन, कुणाचं वय, कुणाचं मोडलेलं लग्न. कागद तिच्या हातून निघायचा, कोर्टाच्या दारातून आत जायचा, आणि ती बाहेरच. आत त्याचं पुढं काय होतं ते तिला बघायचं होतं, काळा डगला घालून.

पण कायद्याच्या शिक्षणाआधी प्रवेशपरीक्षा आडवी पडली होती. चार वेळा ती बसली, चार वेळा आपटली. उत्तरपत्रिकेवरचे बारीक गोल पेन्सिलनं भरत बसायचे, हे तिच्या धावत्या हाताला जमत नसे. एका वर्षी तर खोडता खोडता कागदच फाटला. आता छत्तिसावं लागलं होतं. पाचवी खेप शेवटची, असं तिनं नवऱ्याला सांगून टाकलं होतं.

आणि त्याच वर्षी परीक्षा मंडळानं कागद बंद केला. परीक्षा कॉम्प्युटरवर.

गावातली पोरं धास्तावली. बाजारातल्या दुकानात दोनशे नायरा देऊन तासतासभर सराव करू लागली. हेंबादूनच्या अंगात मात्र वारं शिरलं.

शेजारची सतरा वर्षांची वांदू बोलवायला आली. "आंटी, चला ना सरावाला."

"पोरी, त्याच कळांवर अठरा वर्षं मी घरात यामचे कंद आणतेय. तू जा. कोंबडी दाणे टिपते तशी एका बोटानं टिपत बस."

वांदू दारातच हसली. "कोंबडी उपाशी मेलेली कुणी पाहिली नाही, आंटी."

मार्चमधल्या एका पहाटे दोघी परीक्षेसाठी मकुर्डीच्या गाडीत बसल्या. वांदू वाटेत झोपून गेली. हेंबादूनची बोटं मांडीवर चालूच होती.

केंद्रावर पर्यवेक्षकानं नियम सांगितले. "माउसची भीती वाटणाऱ्यांनी त्याला हात लावू नये. आठ कळा पुरेत. ए, बी, सी, डी म्हणजे उत्तर. एन म्हणजे पुढं, पी म्हणजे मागं. एस दाबलं की परीक्षा जमा. चुकून दाबलं तर लगेच आर दाबा, परत याल. होय म्हणालात की संपलं, मग माझी आईसुद्धा तुम्हाला परत बसवू शकत नाही."

पडदे उजळले.

हेंबादूननं हात कळांवर ठेवले. टंकलेखिका ठेवते तसे, डाव्या हाताची बोटं ए, एस, डी, एफवर. तिच्या जुन्या यंत्राच्या कळा जड. हाताचा सगळा भार टाकून विसावलं तरी हलायच्या नाहीत, ठोसा मारावा तेव्हा अक्षर उठायचं. या कळा मात्र श्वास लागला तरी खाली जात होत्या. तिसरा प्रश्न वाचता वाचता बोटं सवयीनं टेकली, आणि प्रश्न नाहीसा झाला. पडद्यावर एकच ओळ उरली, परीक्षा जमा करायची का?

तिच्या कानात आंब्याखालची सातही यंत्रं एकदम खडखडली. एकशेऐंशी प्रश्नांतले दोन झाले होते. हात चटकन उचलावा तर उचलताना काय दाबलं जाईल? न उचलावा तर? एकेक बोट वर काढलं, गरम भांड्यावरून काढावं तसं. मग उजव्या हाताचं एक बोट पुढं करून आर शोधला. अठरा वर्षांत तिनं अक्षर पहिल्यांदाच डोळ्यांनी शोधलं.

प्रश्न परत आला. उत्तर मात्र तिनं न निवडलेलंच लागलेलं होतं. मागं जाऊन पाहिलं तर दुसऱ्याचंही तसंच. ते नीट करताना डावा हात पुन्हा आपल्या जागेकडे सरकलाच.

तेव्हा तिनं डावा हात मांडीखाली घातला आणि त्याच्यावर बसली. आणि उजव्या हाताच्या एका बोटानं टिपत गेली. हात खाली तडफडत होता. पण प्रश्न वाचायला आता वेळ होता, आणि प्रश्न तिला येत होते. चारही वर्षं ते येतच होते, हे तिला त्या खुर्चीत कळलं. शेवटी एसवर बोट नेलं तेव्हा ते तिथं बराच वेळ थांबलं. मग तिनं स्वतःहून दाबलं.

फाटकाबाहेर वांदू संत्रं सोलत उभी होती. "काय आंटी, दहा बोटांनी किती मिनिटांत उरकलंत?"

"एका बोटानं. पूर्ण दोन तास." तिचा डावा हात बधिर होऊन लोंबत होता. "संत्रं तूच भरव, हा उठत नाही."

आठवड्यानं गुण आले. कायद्याला लागतात त्याहून अकरा जास्त.

प्रवेशाला एक कागद कमी पडत होता. शाळेच्या दाखल्यावर तिचं माहेरचं नाव होतं, अर्जावर सासरचं. बॅरिस्टर आगेर आंब्याखाली आले. "टंकून दे, शपथ मी घ्यायला लावतो. पण एका बोटानं टंकलंस तर संध्याकाळ होईल."

"तुम्ही उभे राहा, साहेब," ती म्हणाली, "बसायच्या आत होईल."

तिनं दहाही बोटं जड कळांवर टेकली. 'मी, खाली सही करणारी, शपथेवर सांगते की वरील दोन्ही नावांची बाई एकच आहे.' ही ओळ तिनं हजार वेळा दुसऱ्यांसाठी टंकली होती. या वेळी मधेच थांबून तिनं ती वाचली, आणि मग खाली स्वतःचं नाव टंकलं.