हातोडीनं चेपलेलं थिंबल

शेजारी कुठंतरी वायर जळाली. तो वास नाकात शिरला, अन् मी थेट धारूरच्या आमच्या विहिरीवर.

आमचे मालक मोटारीच्या केबलला थिंबल बसवत होते, तारा आवळून धरणारी तांब्याची नळी. दाबायचं हत्यार नव्हतं. त्यांनी दातांनी वायर सोलली, तारा नळीत घातल्या अन् दगडावर ठेवून हातोडीनं चेपल्या.

"ओढ बरं."

मी दोन्ही हातांनी ओढलं.

"बघ, लई पक्कं हाय. निसटत न्हाई." किती खूश होते!

थिंबल निसटलं नाहीच. पण हातोडीनं तारा सगळीकडून सारख्या दबल्या नव्हत्या; मोटार चालू झाली तसं ते स्टार्टरमध्ये आतल्या आत तापलं, वायरचं रबर वितळलं अन् स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीत करंट उतरला. पेटीला त्यांचा हात चिकटला. कोरडा पदर गुंडाळून मी दोन्ही हातांनी त्यांना ओढत होते, अन् ते निसटत नव्हते.