तापवलेलं दूध

फ्रिजच्या दारात, दह्याच्या वाटीशेजारी, चार बोटं दूध असलेली बाटली दिसली आणि माझा हात आपोआप गॅसकडे गेला. आमच्या घरात दूध दिसलं की आधी ते तापतं, मग बाकीचं जग. पातेल्याच्या कडेने फेस धरला, तोवर बाळंतपणाला आलेली लेक दारात उभी.

"आई, ते माझं दूध आहे."

मी हबकलेच. बाळ तिला क्षणभर सोडत नव्हतं. एक वेळ मी बाटलीने पाजावं आणि तिने झोपावं, एवढ्यासाठी तिने ते पंपाने काढून ठेवलं होतं.

"आता साय काढ आणि विरजण लाव," ती म्हणाली. हसली मात्र नाही.

उकळलं की त्यातला कस जातो म्हणे, म्हणून ती पुन्हा पंप लावून बसली. मी शेजारी. पंप घरघरत होता आणि थेंब सावकाश पडत होते. दोन मुलं अंगावर वाढवली मी, पण स्वतःचं दूध कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. एवढंसं असतं ते? आणि एवढ्या कष्टाचं? ते उतू जाऊ नये म्हणून मी शहाणी पातेल्यात पळी ठेवून उभी होते.

बाटलीचा तळ जेमतेम झाकला आणि लेकीची मान माझ्या खांद्यावर कलली. मी एका हाताने बाटली सावरली. मग हलायचं धैर्यच झालं नाही.