सोनसावर मेली हो!

नर्सरीत रोपांपेक्षा किस्से भराभर वाढतात. पूर्वी संध्याकाळी यजमानांना सांगितले की मी मोकळी! ते गेल्यापासून नुसते साचलेत. म्हटलं, आज तुम्हीच बसा ऐकायला.

आमची नर्सरी अमरावतीत, परतवाड्याच्या रस्त्याला. यजमानांना नाद सोनसावरीचा. मेळघाटच्या खडकाळ टेकड्यांवरचं झाड. थंडीत पानं टाकून नुसत्या काड्या उरतात आणि उन्हं तापली की त्याच काड्यांवर वाटीएवढी पिवळीधम्मक फुलं! पाणी बेताचं, माती कशीही. "आपल्या उनासाठीच जन्मलं हे झाड," म्हणायचे. रोपं केली आणि माझ्या गळ्यात घालून गेले. कुणाच्या तरी अंगणात एक फुललेली बघावी, एवढंच माझ्या मनात राहिलं.

*

एक वकीलसाहेब आले. "इम्पोर्टेड हाय का?"

"नाई, मेळघाटची."

"मंग जंगलीच म्हना ना!" असं म्हणून विदेशी पाम घेऊन गेले. उन्हाळ्यात त्या पामवर हिरवी नेट बांधली. आता स्वतःही तिच्याखालीच बसतात, बंगल्यात तेवढीच सावली!

*

एका प्राध्यापिकाबाईंनी मात्र हौसेनं फाटकाजवळ लावली. पौषात धावत आल्या. "सासूबाईनं तोडून बंबात घातली! म्हने, दारात वाळकं झाड ठेवत नसतात. अन् आतून ओली निघाली, पानीही तापलं नाई!"

*

कोचिंग क्लासवाल्या सरांनी कुंडी परत आणली. "ॲडमिशन चालू झाल्या, अन् हे टक्कल करून उभं! पालकाले काय सांगू?"

"सांगा, रिझल्ट मार्चमधी हाय!"

सर हसले. कुंडी ठेवून गेले.

*

मुलगा पुण्याहून व्हिडिओ कॉल करतो. मागे सोनसावर दिसली. "आई, ती वाळकी काडी कशाला जपतेस?" मी सांगायला लागले तोवर त्याची मीटिंग सुरू झाली. उरलेलं मी काडीलाच सांगितलं. फार एकटं वाटलं त्या दिवशी.

*

आणि आमच्या विमलताई! रिटायर्ड नर्स, घरात एकट्याच. दर हिवाळ्यात ऑटोतून कुंडी घेऊन हजर. "मेलं व माय हे!" मी नखानं साल खरवडून आतला हिरवा रंग दाखवायची. "जित्तं हाय!" मग चहा, गप्पा, आणि कुंडी परत ऑटोत. जन्मभर नाडी पाहिलेली बाई, पण झाड जिवंत की मेलेलं, हे कळेना!

गेल्या पावसाळ्यात मीच शहाणपणा केला. कुंडी लहान पडते म्हणून झाड त्यांच्या अंगणात लावायला लावलं. झालं! यंदाच्या हिवाळ्यात त्या आल्याच नाहीत. ऑटो थांबला की मी उगाच फाटकाकडे बघायची.

मार्चमध्ये फोन आला. "मेलं व माय झाड! आता जमिनीतून कसं आनू? तुमीच या."

नर्सरीला कुलूप घातलं आणि गेले. फाटक ढकललं, तर सगळं झाड पिवळंधम्मक! खाली फुलांचा सडा. त्यात दोन खुर्च्या आणि बशीखाली झाकलेला चहा. यजमानांच्या आठवणीनं माझे डोळे भरून आले.

"विमलताई, हे मेलं?"

त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "मले काय समजते त्यातलं? तुमीच नख लावून सांगा."

मी नख लावून बघितलं.

"आज काई सांगता येत नाई," मी म्हटलं. "उद्या अजून येऊन पाहा लागन!"