मोठ्या फोटोचा पेपर
छपाईच्या शाईचा वास आला की मला हडपसरची ती सकाळ आठवते. टपरीवर दोन पेपर होते आणि दोन्हींत आईच्या कारखान्याच्या गेटचा तोच फोटो होता. सगळ्यात पुढे, हिरवा पदर खोचून, माझी आई बसली होती. एकात ‘महिला कामगारांचा ठिय्या’ असं लिहिलं होतं, दुसऱ्यात ‘जमावाचा धुडगूस’. जमावावर गुन्हे दाखल होतात, एवढं मला कळत होतं. आईला वाचता येत नाही. फोटो मोठा म्हणून तिनं नेमका ‘धुडगूस’वालाच पेपर घेतला. “काय लिवलंय गं आमचं?” “महिला कामगारांचा ठिय्या,” मी पहिल्या पेपरातलं वाचलं. “बरं लिवलंय की. मग आजबी बसतो,” म्हणत ती गेटकडे निघाली. दिवसभर कॉलेजात फोन वाजला की पोलीस ठाण्याचा तर नाही ना, म्हणून मी आधी नंबर बघायचे. संध्याकाळी ती परतली आणि चपला काढत म्हणाली, “कारखान्याच्या साहेबानं तोच पेपर वाचून दाखवला. जमाव म्हणे आम्ही. तू घाबरलीस व्हय?” “हो,” म्हणत मी तिच्या चपला कडेला ठेवल्या. आता पत्रकारितेच्या वर्गात सर विचारतात, बातमीतला शब्द कोण निवडतं? माझा हात वर जात नाही. एकदा तो मी निवडला होता, आणि त्याच्या भरवशावर आई गेटवर जाऊन बसली होती.