एमपीथ्रीत न गेलेलं गाणं

परवा कपाट आवरताना एमपीथ्रीची जुनी वायर हाती लागली आणि मला शेजारची बाई आठवली. दसऱ्याला ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघणार होती, लहानग्या पोरीला आजीपाशी ठेवून. तेव्हा ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल कुठले? माझ्या लेकीनं त्या पोरीचं गाणं कॉम्प्युटरवर घेतलं होतं, ते बाईच्या एमपीथ्रीत, त्या गाणी ऐकायच्या डबीत, भरायचं होतं. एमपीथ्री आदल्या दिवशीच आमच्याकडं आलेली. खंडेनवमी होती, मी विळ्या-कोयत्याबरोबर तिलाही ओलं हळदीकुंकू लावलं, चांगलं भरभरून. सकाळी लेक वायर लावतीय, काढतीय, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करतीय, पण त्यात एमपीथ्री काही दिसेना. वायरीचं टोक बघते तर लालभडक! "आई, खाचंत कुंकू भरलंय गं!" सुईनं कोरलं, फुंकलं, तरी न्हाईच. बाहेर ट्रॅक्टर हॉर्न वाजवायला लागला. बाईनं एमपीथ्री तशीच कनवटीला खोचली, "असू द्या काकू, पूजाच केली ना तुमी," म्हणाली अन् ट्रॉलीत चढली. मग ती पोरगी रोज माझ्याकडं यायची. "माझी आई गाणं ऐकायली असंल ना?" मी म्हणायचे, "ऐकायली की, तुझंच गाणं." गुढीपाडव्याच्या सुमाराला बाई परतली. मी काही बोलायच्या आत पोरीनं तेच विचारलं. बाईनं तिला कडेवर घेतलं, "लय ऐकलं गं," म्हणाली, आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आता माझे केस पिकले, तरी ती बाई गल्लीत दिसली की मी पदर सावरायच्या निमित्तानं मान खाली घालते.