ॲडजस्ट

कारळ्याच्या चटणीचा वास आला की मला लातूरचा बसस्टँड आठवतो. बारावीच्या क्लासला मी तिथं खोली करून राहायचे आणि घरचा डबा रोज निलंग्याच्या एसटीनं यायचा. खोलीत चौथी खाट टाकताना मालकीण म्हणाली, "ॲडजस्ट करा." नळाला पाणी नसलं तरी तेच, वर्गात बाकावर पाचवी मुलगी बसवतानाही तेच. एकदा फोनवर रडले, तर वडीलही म्हणाले, "कर की ॲडजस्ट. समदे करूनच राह्यलेत." मी फोन आपटला. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरच्या हातून डबा घेतला आणि मान वर न करता निघून आले. वडील गेल्यावर आईनं सांगितलं, त्या दिवशी ते त्याच गाडीत मागं बसून होते. तसेच परत आले आणि म्हणाले, "खाली उतरलो असतो, तर पोरीला संगंच आणलं असतं."