कुत्र्याच्या आजाराचे नऊ दिवस

आषाढातल्या एका मंगळवारी सकाळी सव्वासहा वाजता आमच्या कुत्र्याची लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली. इमारतीच्या फाटकाबाहेर, भिंतीलगत. त्याला फिरवायला मी नेलं होतं. परतताना तो जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसला आणि पुढे चढला नाही. मी त्याला उचलून दुसऱ्या मजल्यावर आणलं. वजन चौदा किलो, वय आठ वर्षं. जात सांगता येत नाही. पिल्लू असताना तो काल्हेरच्या एका गोदामाच्या शटरपाशी सापडला होता.

घरात आम्ही तिघं: सासूबाई, नवरा आणि मी. नवरा शाळेत गणित शिकवतो. मी बावीस वर्षं एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर इतरांनी आणलेल्या बातम्या तपासल्या. आता घरून संपादनाची कामं घेते. कुत्रा सासूबाईंचा, हे तिघांनाही मान्य आहे. तो त्यांच्या पलंगाखाली झोपतो. त्या पूजेला बसल्या की दाराबाहेर बसतो आणि आरतीची घंटा वाजली की उठून त्यांच्याजवळ जातो. त्या मंगळवारी घंटा वाजली तेव्हा तो पलंगाखालीच होता.

"उठत नाहीये गं," सासूबाई म्हणाल्या. हातातली घंटा त्यांनी खाली ठेवली नव्हती.

नऊ वाजता आम्ही त्याला चादरीत गुंडाळून रिक्षाने कल्याण नाक्याजवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर पन्नाशीचे, जन्म इथलाच, भिवंडीतला, बोलणं निम्मं हिंदी. त्यांनी कुत्र्याचा वरचा ओठ उचलून मला हिरडी दाखवली. ती गुलाबी असायला हवी. ती पांढरी होती.

"बारिश में गोचीड बहुत होते हैं, मॅडम. उसका बुखार लगता है. पण 'लगता है', इतकंच बोलतो. रिपोर्ट आने दो."

मग त्यांनी प्रश्न विचारले. उंदराचं औषध? नाही. माणसाची कुठली गोळी? नाही. चॉकलेट, द्राक्षं? नाही.

"कांदा-लसूण?"

"घरातच नाही," मी म्हणाले. "एकादशीपासून चातुर्मास सुरू झालाय. सासूबाई चार महिने कांदा-लसूण आणत नाहीत."

"बढ़िया." त्यांनी कागदावरच्या त्या शब्दांवर रेघ मारली.

गोचीडतापाच्या गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. रक्ताचा नमुना ठाण्याला जायचा होता. काल्हेरला ट्रक अडकल्यामुळे नेणाऱ्याला दीड तास उशीर झाला, असं दवाखान्यातून कळलं. नमुना बर्फाच्या डब्यात होता का, हे मी दोनदा विचारलं. होता.

घरी आल्यावर मी एका कोऱ्या कागदाचे उभे दोन भाग केले. डावीकडे पाहिलेलं, उजवीकडे ऐकलेलं. उत्तर सापडेल याबद्दल मला शंका नव्हती. धडधाकट कुत्रा अचानक पांढरा पडत नाही. त्याआधी काहीतरी घडलेलं असतं आणि ते कुणीतरी पाहिलेलं असतं. डेस्कवर असताना अडलेल्या बऱ्याच बातम्या याच हिशेबाने सुटल्या होत्या. नवरा म्हणाला, हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं काम आहे. मी म्हणाले, प्रयोगशाळेला फक्त रक्त दिसतं.

संध्याकाळपर्यंत उजवी बाजू भरली. वॉचमनच्या मते त्याला साप चावला होता. समोरच्या दुकानदाराच्या मते तो नाल्यातलं रंगाचं पाणी प्यायला होता. तळमजल्यावरच्या काकूंनी वर येऊन पाहिलं. या काकू मूळच्या खाडीकाठच्या गावातल्या. आमच्या इमारतीमागची यंत्रमागांची शेड त्यांच्या नवऱ्याची. कुत्रा रोज उतरताना त्यांच्या दारात थांबतो.

"नजर लागली हाय त्याला," काकू म्हणाल्या. "एवढा देखणा कुत्रा, कोनाची तरी लागनारच. गणेशपुरीचा अंगारा हाय माझ्याकडं, लावू?"

"लावा," सासूबाई म्हणाल्या.

"आणि तू लिवून घे गो बाय," काकू मला म्हणाल्या. "अंगारा लावला, सहा वाजून पाच मिनटं."

मी लिहून घेतलं. डावीकडे.

साप बाद झाला, कारण अंगावर कुठेही दंश किंवा सूज नव्हती. नाल्याकडची बाजू पंधरा दिवसांपासून पत्रे लावून बंद होती. शेडमधला यंत्रांच्या तेलाचा डबा काकूंच्या नवऱ्याने मला स्वतः दाखवला. झाकण घट्ट होतं. बाकी प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारला: रविवारपासून त्याने काय खाल्लं? दोन-तीन दिवसांतलं सांगा, असं डॉक्टर म्हणाले होते. सासूबाई: दूध, भात, रविवारी वरईचे तांदूळ. नवरा: दोन बिस्किटं. काकू: "रविवारी माझाच उपास. सोमवारी नुसती भाकर." उत्तरं एकमेकांशी जुळत होती.

बुधवारी दुपारी अहवाल आला. गोचीडतापाचे जंतू नव्हते. हिमोग्लोबिन सहा पूर्णांक चार, म्हणजे असायला हवं त्याच्या निम्मं. लाल पेशी फुटत होत्या. का फुटत होत्या, ते अहवालात नव्हतं.

डॉक्टरांनी फोनवर दोन शक्यता सांगितल्या. एक, शरीर स्वतःच स्वतःच्या पेशी मारतं आहे. त्यावर स्टेरॉइडचा मोठा डोस, कित्येक महिने. दोन, पोटात काहीतरी विषारी गेलं आहे. तसं असेल तर स्टेरॉइडचा फायदा नाही, उलट अंगातली राहिलेली ताकद जाईल.

"दोन्हीपैकी कुठलं?" मी विचारलं.

"वही तो नहीं मालूम. शुक्रवार सुबह तक रुकता हूँ. फिर स्टेरॉइड चालू. उससे ज़्यादा रुका तो वो नहीं रुकेगा."

सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. फोन स्पीकरवर होता. त्यांनी आत जाऊन ओला पंचा पिळून आणला आणि कुत्र्याच्या पंजांवर ठेवला.

गुरुवारी सकाळी मी कागद पुन्हा वाचला आणि चूक सापडली. ती उत्तरांत नव्हती, प्रश्नात होती. मी आजार दिसल्यापासून दोन दिवस मागे गेले होते. माणूस बेपत्ता झाला की तो शेवटचा कधी दिसला तिथपासून सुरुवात करायची, हे मी नव्या वार्ताहरांना शिकवत असे. कुत्रा शेवटचा ठणठणीत कधी दिसला, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं.

नवऱ्याने शाळेत जायला निघता निघता बूट घालत उत्तर दिलं. "मागच्या शुक्रवारी. उड्या मारत होता. फोटो टाकलाय की मी कुटुंबाच्या ग्रुपवर."

फोटो सापडला. शुक्रवार, संध्याकाळी पाच वाजून बावन्न मिनिटं. आमची गॅलरी. मधोमध परात, परातीत भजी, कडेला थालीपिठांची चळत. कुत्रा मागच्या पायांवर उभा, तोंड उघडं. फ्रेमच्या उजवीकडून एक हात आत आलेला, चिमटीत एक भजं. मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ. ते घड्याळ माझं.

त्या शुक्रवारी कांदेनवमी होती. चार महिने कांदा वर्ज्य होण्याआधीचा हा दिवस. टोपलीत उरलेला कांदा संपवायचा म्हणून कांद्याचंच सगळं करायचं, हा आमच्या घरचा रिवाज. शुक्रवारी माग बंद असतात, त्यामुळे काकू आणि त्यांचे यजमानही वर आले होते. दोन किलोंच्या वर कांदा चिरला होता. तो मीच चिरला होता. मंगळवारी दवाखान्यात मी दिलेलं उत्तर त्या दिवसापुरतं खरं होतं.

मी सासूबाईंकडे गेले.

"आई, नवमीला तुम्ही त्याला भजी दिली?"

"एक."

"आई."

"दोन. आणि थालीपिठाचा कोपरा."

"कोपरा म्हणजे केवढा?"

"अर्धं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "दोन अर्धी."

नवऱ्याला शाळेत फोन केला. तो म्हणाला, तीन किंवा चार, मोजली नाहीत. मी म्हणाले, गणिताच्या शिक्षकाने असं बोलू नये. माझी स्वतःची मला तीन आठवत होती, चार लिहिली.

काकू दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"मी दिली," त्या म्हणाल्या. "सगल्यांसमोर दिली. परात तुमची, कांदा तुमचा, आन् आता माझं नाव घालतेस व्हय कागदावर?"

"नाव कुणाचंच नाही, काकू. आकडा पाहिजे."

"चार आसतील." त्यांनी सुपातला एक खडा काढून टाकला. "पन खरं सांगू? उरलेला कांदा तुझ्या सासूनं मलाच दिला ना, टोपलीभर. दर वरसी देते. त्याचं शनवारी बोंबलाचं कालवन केलं. बोंबील कमी आन् कांदाच जास्त. त्याचा भात ताटलीभर खाल्ला यानं. ताटली चाटून पुसून." त्यांनी मान वर केली. "कांदा काय करतो गो कुत्र्याला?"

"त्याच्या रक्तातल्या पेशी फोडतो. तीन-चार दिवसांनी."

काकूंनी सूप खाली ठेवलं. "आठ वरसं मीच घालते त्याला," त्या म्हणाल्या. "माझा आकडा नीट लिव. कमी नको लिवू."

अकरा वाजता मी डॉक्टरांना फोन केला. भज्यांची बेरीज, दोन अर्धी थालीपिठं आणि एक ताटली भात, वारासकट वाचून दाखवला.

"मॅडम, मंगल को मैंने पूछा था."

"तुम्ही विचारलं होतं. उत्तर मी चुकीचं दिलं."

"ये कांदेनवमी क्या है, मेरे को मालूमच नहीं था. इधर पैदा हुआ, पचास साल में किसी ने बोला नहीं." मग त्यांचा आवाज कामाचा झाला. "चौदा किलो के कुत्ते को ये बस है. पण मी अजून मान्य नाही करणार. नया खून भेजता हूँ. कांदा होगा तो पेशी पे गाँठ दिखेगी, वेगळ्या रंगाने स्लाइड रंगवावी लागते. तब तक स्टेरॉइड नहीं."

"शुक्रवारची मुदत?"

"वो मेरी थी. मैं बढ़ा देता हूँ."

गुरुवारी दुपारी नवा नमुना गेला. या वेळी नवरा स्वतः स्कूटरवर घेऊन गेला, ट्रकांच्या मधून. हिमोग्लोबिन पाच पूर्णांक सहावर आलं होतं. पाचच्या खाली गेलं तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त द्यावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं. काकूंच्या यजमानांनी शेडमध्ये राखणीला असलेला दांडगा काळा कुत्रा त्यासाठी दाखवून ठेवला आणि त्याला त्या संध्याकाळी बांधून ठेवलं.

सासूबाईंना मी सगळं सांगितलं. त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, कुत्र्याचं डोकं त्यांच्या पावलावर होतं.

"म्हणजे मीच," त्या म्हणाल्या.

"चार जणांनी, आई. मी धरून."

"नेम माझा आहे."

"नेमाने काही झालं नाही. चातुर्मास लागला म्हणून तर रविवारपासून त्याला कांदा मिळाला नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस का खरं आहे?"

"खरं आहे. डॉक्टरांना विचारून सांगतेय."

त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि दूधभात कालवून आणला. त्याने दोन घास घेतले. मंगळवारनंतरचे ते पहिले. मी वेळ लिहिली.

शुक्रवारी माग बंद होते. एरवी भिंतीतून येणारी खटखट नव्हती, त्यामुळे त्याचा श्वास शेजारच्या खोलीत ऐकू येत होता. सकाळी आठला मी मोजला: मिनिटाला चव्वेचाळीस. साडेदहाला एकेचाळीस. बारा चाळीसला डॉक्टरांचा फोन आला. लाल पेशींच्या कडेला गाठी दिसल्या होत्या, एकीत नव्हे, सगळ्या स्लाइडभर.

"अब बोलता हूँ, मॅडम," ते म्हणाले. "'लगता है' नहीं. कांदाच है."

गोचीडतापाच्या गोळ्या थांबल्या. सलाइन चार दिवस चाललं. शनिवारी हिमोग्लोबिन पाच पूर्णांक सातवर होतं. रविवारी लघवी फिकट झाली, सोमवारी पिवळी. शेडमधला काळा कुत्रा सोडून देण्यात आला. दवाखान्याच्या भिंतीवर डॉक्टरांनी हाताने लिहिलेला एक कागद लागला. कुत्र्याला काय देऊ नये याच्या यादीत "कांदा" या शब्दापुढे त्यांनी "कांदेनवमी" असं लिहिलं होतं, आणि शुद्धलेखन मला फोन करून विचारलं होतं.

बुधवारी चौथी तपासणी झाली. हिमोग्लोबिन सात पूर्णांक नऊ. हिरडी फिकट गुलाबी. त्याच संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी तो दुसऱ्या मजल्यावरून स्वतःच्या पायांनी उतरला, मध्ये दोनदा थांबून. तळमजल्यावर काकूंच्या दारासमोर बसला. काकूंनी दार उघडलं. तो चार मिनिटं बसून राहिला. काकूंनी त्याला काही दिलं नाही.